सोनाळ्याचा मे आणि अडीच वॅट

बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आपल्याच जिल्ह्याचे दोन भाग करतात: घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके. बुलढाणा शहर घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. विदर्भाच्या मानाने तिथला उन्हाळा सोसवतो. घाट उतरून, पूर्णा ओलांडून संग्रामपूर तालुक्यात शिरलं की हवा बदलते. तालुक्याच्या उत्तर टोकाला सोनाळा आहे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. गावामागे अंबाबरवा अभयारण्याचं जंगल आणि त्यापलीकडे मेळघाट. पूर्वेला लगेच अकोला जिल्ह्याची हद्द लागते. त्या अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं होतं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. उन्हासाठी जमावबंदी लावावी लागते असा हा मुलूख.

या मुलखात एखाद्या खोलीत यूएसबी मायनर दिवसरात्र चालवायचा आहे, असं धरू. यूएसबी मायनर म्हणजे पेनड्राइव्हच्या आकाराचं, बिटकॉइनसारख्या आभासी चलनासाठी आकडेमोड करणारं यंत्र. ते थंड कसं ठेवायचं? प्रश्न क्षुल्लक वाटतो, कारण यंत्र क्षुल्लक आहे. पण मोबाइल का तापतो, वाळ्याची ताटी काय करते आणि गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, का जळते, या सगळ्यांमागचं गणित एकच असून ते या अंगठ्याएवढ्या वस्तूत फार स्वच्छ दिसतं.

या जातीतलं सगळ्यात गाजलेलं यंत्र २०१३ साली आलं. एसिकमायनर नावाच्या गटाने ते ‘ब्लॉक इरप्टर’ या नावाने विकलं. त्यात १३० नॅनोमीटर तंत्राची एकच चिप होती. संगणकाच्या यूएसबी खाचेत खोचायचं की काम सुरू. पाच व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. जुन्या यूएसबी खाचेतून जास्तीत जास्त तेवढीच वीज मिळते आणि यंत्र नेमकं त्या मापात बसवलेलं होतं. सुरुवातीला एका नगाची किंमत दोन बिटकॉइनच्या आसपास होती. ज्यांनी ती मोजली त्यांच्यापुढे आज हा विषय काढू नये.

ते करत काय होतं? बिटकॉइनच्या खातेवहीचं पुढचं पान पक्कं करण्यासाठी एक आकडा शोधावा लागतो. पानावरची माहिती आणि हा आकडा एकत्र करून एसएचए-२५६ या सूत्रातून काढले की उत्तर ठरावीक मर्यादेपेक्षा लहान यायला हवं. तो आकडा शोधायला कुठलीही युक्ती चालत नाही. एकेक घालून पाहत राहायचं. ब्लॉक इरप्टर सेकंदाला सुमारे ३३ कोटी आकडे घालून पाहायचा. प्रत्येक प्रयत्नात चिपमधले हजारो ट्रान्झिस्टर उघडतात आणि मिटतात, आणि दर उघडझापीला विजेचा एक कण खर्ची पडतो.

खर्ची पडलेली ही वीज जाते कुठे? विहिरीवरचा पंप वीज खातो, पण निदान पाणी वर चढतं. खाल्लेल्या विजेचा काही भाग त्या चढलेल्या पाण्यात शिल्लक असतो. मायनर काहीच उचलत नाही, काहीच फिरवत नाही. त्याने काढलेलं उत्तर ऊर्जेच्या हिशेबात शून्य वजनाचं. म्हणून आत गेलेले अडीच वॅट सगळेच्या सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात. हा मायनर शंभर टक्के कार्यक्षम हीटर आहे, आणि अधूनमधून एखादा आकडा सांगतो.

अडीच वॅट म्हणजे किती? स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. खोलीत एक पाहुणा येऊन बसला तर चाळीस यूएसबी मायनर लावल्याइतकी भर पडते. तरीही पाहुण्याच्या अंगाला हात लावला तर पोळत नाही, आणि मायनरला लावला तर पोळतो. फरक पृष्ठभागाचा आहे. माणसाची कातडी सुमारे पावणेदोन चौरस मीटर असते, म्हणजे चौरस मीटरला साठ वॅटही पडत नाहीत. पाच सेंटीमीटर लांब आणि दोन रुंद पट्टीच्या दोन्ही बाजू धरल्या तर वीस चौरस सेंटीमीटर होतात. त्यावरून अडीच वॅट बाहेर जायचे म्हणजे चौरस मीटरला साडेबाराशे वॅटचा दर. शिवाय माणसाला घाम येतो.

आता या प्रकरणातली खरी गोष्ट. हवेने थंड होणारी कुठलीही वस्तू किती अंशांवर स्थिरावेल हे ठरतं ते हवेपेक्षा किती वर या हिशेबाने. पट्टीतून जितकी उष्णता हवेत जाते, ती पट्टी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात जाते. फरक शून्य असेल तर काहीच जात नाही. मग यंत्र तापत राहतं, फरक वाढत जातो आणि अडीच वॅट बाहेर पडण्याइतका झाला की तापणं थांबतं. शांत हवेत सपाट पृष्ठभागावरून चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, साधारण दहा वॅट निघून जातात. या दराने आपल्या वीस चौरस सेंटीमीटरच्या उघड्या पट्टीला अडीच वॅट टाकायला हवेपेक्षा सव्वाशे अंश वर जावं लागेल. त्या तापमानाला चिप टिकणार नाही. म्हणून तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा तुकडा, म्हणजे हीटसिंक लावतात. प्रत्येक खाच पृष्ठभाग वाढवते. पृष्ठभाग साडेतीनपट झाला की तोच फरक पस्तीसवर येतो.

हे पस्तीस अंश सोबत ठेवू. जानेवारीच्या पहाटे सोनाळ्यात हवा बारा अंश असेल तर यंत्र सत्तेचाळीसवर थांबेल. हाताला नुसतं गरम लागेल. मेच्या दुपारी हवा चव्वेचाळीस असेल तर तेच यंत्र, तेच काम करताना, एकोणऐंशीवर जाईल. साठ अंशांचा धातू चार-पाच सेकंदांत कातडी भाजतो. चिपच्या आतला भाग हीटसिंकपेक्षा आणखी गरम असतो. बहुतेक सिलिकॉन चिप आतून ८५ ते १२५ अंशांपर्यंत चालाव्यात अशा बेताने बनवतात. म्हणजे सोनाळ्याच्या मेमध्ये यंत्र मेलेलं नसतं, पण त्याच्या आणि मरणाच्या मधलं अंतर हवेनेच खाऊन टाकलेलं असतं.

थंड देशातल्या माणसाने लिहिलेले सल्ले इथे म्हणूनच उपयोगी पडत नाहीत. वीस अंशांच्या खोलीत बसून तो सांगतो की हीटसिंक पुरेसा आहे, पंख्याची गरज नाही. त्याचं बरोबरच आहे. चोवीस अंशांचा फरक त्याच्या खोलीने त्याला फुकट दिलेला असतो.

पंखा लावला की काय होतं? पट्टीला चिकटून एक गरम हवेचा पातळ थर उभा असतो. पंखा तो उडवून लावतो. शांत हवेतला दहाचा दर साध्या पंख्याने तीस-चाळीसपर्यंत जातो आणि आपले पस्तीस अंश दहा-बारावर येतात. चव्वेचाळीसच्या हवेतही यंत्र छप्पन्नच्या आसपास राहतं. फायदा प्रचंड आहे. पण हवेच्या खाली ते जाणार नाही. पंखा थंडावा तयार करत नाही. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते घाम उडतो म्हणून. यंत्राला घाम नाही, त्यामुळे पंख्याचा वेग कितीही वाढवा, चव्वेचाळीस ही तळरेषा पक्की. एका मर्यादेनंतर वेग वाढवून मिळतो तो फक्त आवाज.

२०१३-१४ च्या सुमारास जगभरच्या हौशी लोकांनी एकेका यूएसबी हबमध्ये दहा-दहा ब्लॉक इरप्टर ओळीने खोचले आणि शेजारी यूएसबीवरच चालणारा टेबलावरचा छोटा पंखा ठेवला. असा पंखा एक-दोन वॅट खातो, एकच मायनर असेल तर जवळजवळ मायनरइतकीच वीज. दहा मायनरला एक पंखा पुरत असेल तरच हिशेब जमतो. मात्र पंखा ओळीच्या टोकाला ठेवून चालत नाही. पहिल्या मायनरची गरम हवा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि दहाव्याच्या वाट्याला नऊ जणांचं उच्छिष्ट येतं. वारा ओळीला आडवा, सगळ्यांना एकाच वेळी लागेल असा हवा, आणि हीटसिंकच्या खाचा ज्या दिशेने धावतात त्या दिशेने. पंखाच नसेल तर खाचा उभ्या ठेवाव्यात, कारण तापलेली हवा आपोआप वर चढते आणि खालून नवी ओढून घेते. आडव्या खाचांत ती अडकून बसते.

पंख्याचा शत्रू धूळ. हा कापसाचा पट्टा आहे. वेचणी झाल्यावर घराघरांत कापसाचे ढीग असतात, हवेत बारीक तंतू तरंगत असतात, आणि पंखा ते नेमके हीटसिंकच्या खाचांत नेऊन बसवतो. कापूस उष्णता अडवतो म्हणूनच आपण त्याची गोधडी करतो. महिना-पंधरा दिवसांनी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला तर पुरतं. हे काम कोणी करत नाही, आणि निम्मी यंत्रं त्यामुळेच जातात असा माझा संशय आहे.

चिप आणि हीटसिंक यांच्या सांध्याबद्दल थोडं सांगायला हवं. दोन सपाट धातू एकमेकांवर ठेवले तरी ते मोजक्याच बिंदूंत टेकतात आणि मधे हवा राहते. हवेपेक्षा ॲल्युमिनियम कित्येक हजारपट चांगला उष्णतावाहक. ती हवा हटवायला थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट हवेपेक्षा खूप बरी, पण धातूपुढे फारच वाईट. म्हणून ती फक्त फटी भरेल इतकी लावायची. भाकरीवर लोण्यासारखी जाड थापली तर आपणच भिंत बांधल्यासारखं होतं. जुन्या मायनरमधली पेस्ट काही उन्हाळ्यांनंतर वाळून भेगाळते. अचानक यंत्र जास्त तापू लागलं तर आधी तिथे पाहावं.

मग यंत्र ठेवायचं कुठे? टिनाच्या खोलीत नक्कीच नाही. मेच्या दुपारी टिन साठ-सत्तर अंशांवर जातं आणि खाली असलेल्या प्रत्येक वस्तूवर उष्णता ओततं. छताजवळची गरम हवा वरचा पंखा खाली आणतो. या भागातली जुनी धाब्याची घरं यापेक्षा कितीतरी शहाणी. मातीच्या जाड भिंती आणि मातीचा जाड धाबा यांतून दुपारची उष्णता आत पोहोचायला दहा-बारा तास लागतात. दुपारी आतली खोली बाहेरच्यापेक्षा सहज काही अंश उतरलेली असते, आणि उष्णता आत पोहोचते तेव्हा रात्र झालेली असते, दारं-खिडक्या उघडता येतात. अशा घरात आतल्या खोलीत, जमिनीलगत, उघड्या टेबलावर यंत्र ठेवावं. भिंतीतल्या कोनाड्याचा मोह टाळावा. कोनाडा गार लागतो, पण तीन बाजूंनी बंद असल्याने तिथली हवा हलत नाही. दिव्यासाठी केलेली जागा दिव्यासाठीच ठीक.

आता कूलर. हवेची तळरेषा ओलांडण्याचा हा एकच स्वस्त मार्ग, आणि विदर्भात तो घरोघरी आहे. ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढली की पाणी वाफ होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतं. हवा चव्वेचाळीस अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर पूर्ण बाष्पीभवनाने ती तेवीस अंशांच्या आसपास उतरू शकते. घरगुती कूलर तिथवर पोहोचत नाही, पण अठ्ठावीस-तीसपर्यंत आणतो. म्हणजे पंधरा अंशांची भेट. हाच कूलर जुलैत निरुपयोगी ठरतो. तीस अंश आणि पंच्याऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेला कितीही ओलं करा, ती अठ्ठावीसच्या खाली येणार नाही. उन्हाळा जितका निर्दय, तितका कूलर परिणामकारक. वऱ्हाडाच्या नशिबातला हा एक बरा योग.

एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषतं. अडीच वॅटच्या मायनरला एवढी उष्णता बाहेर टाकायला अकरा दिवस लागतात. म्हणजे तत्त्वतः अकरा दिवसांना एक लिटर पाणी पुरे. पण कूलर फक्त मायनरला थंड करत नाही. तो खोली, भिंती, माणसं आणि खिडकीतून येणारी झळ या सगळ्यांशी भांडतो, तासाला काही लिटर पाणी उडवतो आणि दीड-दोनशे वॅट वीज खातो. अडीच वॅटच्या यंत्रासाठी दोनशे वॅटचा कूलर लावणं हा वेडेपणा. माणसांसाठी लावलेल्या कूलरच्या खोलीत कोपऱ्यात मायनर ठेवणं हा शहाणपणा. मात्र झोताच्या समोर नको.

झोताच्या समोर का नको, याचं उत्तर या तालुक्याच्या पाण्यात आहे. सोनाळ्याहून दक्षिणेला पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून गेलेला हा पट्टा. तिथलं भूजल खारं, आणि मूत्रपिंडाच्या आजारांमुळे संग्रामपूर तालुक्याचं नाव अनेकदा बातम्यांत आलेलं. ते पाणी कूलरमध्ये घातलं की पाणी उडतं, क्षार मागे राहतात. हंगामाच्या शेवटी ताटी पांढरी, कडक आणि दगडासारखी होते. कूलरच्या झोतातून उडणारे बारीक तुषार तेच क्षार घेऊन उघड्या सर्किटवर बसतात. ओल, मीठ आणि पाच व्होल्ट एकत्र आले की तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. उष्णतेने न मेलेलं यंत्र असं मिठाने मरतं. हात-दोन हात बाजूला, तुषार पोहोचणार नाहीत अशा जागी ते ठेवलं तर गार हवा मिळते आणि मीठ मिळत नाही.

तेलाचा मार्गही आहे. त्यासाठी गावाबाहेर जायला नको, चौकातली डीपी पाहावी. त्या पेटीच्या बाजूंना ज्या नळ्या किंवा पत्र्याच्या घड्या दिसतात त्या सजावटीच्या नाहीत. आत तेल भरलेलं असतं. तापलेल्या वेटोळ्यांजवळचं तेल वर चढतं, नळ्यांतून खाली उतरताना हवेला उष्णता देतं आणि गार होऊन पुन्हा तळाशी येतं. कुठलाही पंखा नाही, पंप नाही. हीटसिंकच्या खाचांचंच हे मोठं रूप. आणि डीपी जळते तीही याच गणिताने. पंपांचा भार वाढला, तेल कमी झालं किंवा हवाच पंचेचाळीस झाली की उष्णता बाहेर जाण्याचा दर आत तयार होण्याच्या दरामागे पडतो. काही मोठ्या मायनिंग कंपन्या आज आपली यंत्रं वीज न वाहणाऱ्या द्रवाच्या टाक्यांत बुडवून ठेवतात. कल्पना डीपीएवढीच जुनी आहे. अडीच वॅटसाठी तो उद्योग करू नये, तेलात बुडालेली यूएसबी खाच पुन्हा साफ होत नाही.

यापुढचा उपाय सगळ्यात चांगला, आणि हौशी माणसाला सगळ्यात कमी आवडणारा. उष्णता बाहेर काढण्याऐवजी कमी तयार करायची. चिपचा वीजखर्च साधारणपणे तिच्या गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वर्गाच्या, ही यातली मेख. गती वीस टक्क्यांनी उतरवली तर कमी व्होल्टेजही पुरतं. ते दहा टक्क्यांनी उतरवलं, तर खर्च ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे पासष्ट टक्क्यांच्या आत येतो. काम वीस टक्के घटलं, उष्णता पस्तीस टक्के घटली. सोनाळ्याच्या मेमध्ये पंख्यावर, कूलरवर, पेस्टवर डोकं खपवण्याआधी हे करावं. ब्लॉक इरप्टरमध्ये ही सोय नव्हती, तो एकाच गतीने धावायचा. नंतर आलेल्या गेकोसायन्सच्या ‘कॉम्पॅक’ मालिकेत गती संगणकावरून आकडा लिहून बदलता येते आणि व्होल्टेजसाठी पट्टीवर एक बारीक स्क्रू असतो. पहिल्या कॉम्पॅकमध्ये अँटमायनर एस-५ या मोठ्या मायनरमधली बीएम१३८४ ही चिप होती, ‘न्यूपॅक’मध्ये एस-९ मधली बीएम१३८७ आणि ‘कॉम्पॅक एफ’मध्ये एस-१७ मधली बीएम१३९७. चिप दरवेळी अधिक काटकसरी झाली, पण लोकांनी वाचलेल्या विजेतून थंडावा घेण्याऐवजी गती घेतली. कॉम्पॅक एफ पूर्ण जोरात धावताना साध्या यूएसबी खाचेच्या कुवतीबाहेर जातो. त्याला स्वतंत्र अडॅप्टरचा दणकट हब लागतो आणि पंख्यावाचून चालतच नाही.

जुन्या यूएसबी मायनरपैकी बहुतेकांत तापमापक नसतो. मोबाइल किंवा रास्पबेरी पाय हे छोटं संगणक-कार्ड तापलं की स्वतःच गती उतरवतात. रास्पबेरी पाय ऐंशी अंशांना सावध होतं. मायनरला अशी अक्कल नाही. पण तो एक खूण देतो. सिलिकॉन तापलं की ट्रान्झिस्टर मंदावतात, आणि ठरलेल्या ठोक्यात उत्तर पूर्ण होत नाही. चुकीचं उत्तर बाहेर येतं. संगणकावरचा सीजीमायनरसारखा प्रोग्रॅम प्रत्येक उत्तर स्वतः तपासतो आणि चुकलेली ‘एचडब्ल्यू’ या रकान्यात मोजतो. सकाळी हा आकडा जागचा हलत नाही आणि दुपारी दोननंतर भराभर चढतो, तर थर्मामीटरची गरज नाही.

घाटाखालच्या भागात आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते: लाइन जाणे. लाइन गेली की यंत्र सत्तरवरून चाळीसवर येतं, आली की पुन्हा सत्तर. सिलिकॉन तापल्यावर जितकं पसरतं त्याच्या चार-पाचपट सर्किटची पट्टी पसरते. मधल्या डाखाला दरवेळी ही ओढाताण सोसावी लागते, आणि दिवसातून चार-सहा वेळा होत राहिली तर कधीतरी तो तडकतो. सतत गरम राहणं हे वारंवार गरम-गार होण्यापेक्षा कधीकधी बरं. दुसरा धोका साधा आहे, म्हणून लक्षात येत नाही. मायनर लॅपटॉपला लावलेला आणि पंखा भिंतीच्या प्लगला. लाइन गेली की पंखा थांबतो, लॅपटॉप बॅटरीवर चालूच, मायनरही चालूच, आणि खोलीत कुणी नाही. पंखा आणि मायनर एकाच उगमावर असावेत. मरायचंच तर दोघांनी बरोबर मरावं.

हबच्या अडॅप्टरकडेही लक्ष हवं. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मायनरवर पंखा फिरत असतो आणि अडॅप्टर मात्र खाली कपड्यांच्या ढिगात गुदमरत असतो. तो आधी जातो.

आता कमाईचं. २०२५ मध्ये बिटकॉइनच्या जगभरच्या यंत्रांची एकत्रित गती सेकंदाला एक हजार अब्ज अब्ज प्रयत्नांच्या घरात पोहोचली. या शर्यतीत एका ब्लॉक इरप्टरने एकट्याने एक पान पक्कं करायचं तर सरासरी ५.७ कोटी वर्षं लागतील. याच जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे ५.७ लाख वर्षांपूर्वी उल्केच्या आघाताने झालं, असा अलीकडचा अंदाज आहे. म्हणजे लोणारच्या वयाच्या शंभरपट वाट पाहायची. कॉम्पॅक एफ साठ हजार वर्षांच्या आसपास घेईल. बक्षीसही दर चार वर्षांनी निम्मं होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइनवर आलं आहे. अनेकांनी मिळून खोदणाऱ्या पूलमध्ये सामील झालं तर रोज काहीतरी जमा होतं, पण ते वर्षभराच्या बावीस युनिटांचं बिलही भरत नाही. वर भारतात अशा उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदीकिंमत म्हणून वजा मिळणार नाही हे सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केलं.

तरीही या काडीएवढ्या यंत्राला एक प्रतिष्ठा आहे, आणि ती महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणामुळे मला जास्त जाणवते. गेनबिटकॉइन योजनेत लोकांना मायनिंगच्या नावाने अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचं आश्वासन दिलं गेलं होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या, पुढे तपास सीबीआयकडे गेला. गुंतवणूकदारांपैकी कितीजणांनी एखादं तरी यंत्र पाहिलं, त्याला हात लावला? मायनिंग खरं चालू असेल तर तिथे उष्णता असलीच पाहिजे, कारण दुसरं काही तिथून बाहेर पडूच शकत नाही. ब्लॉक इरप्टर काही कमावत नाही, पण बोटाला चटका देऊन आपलं काम सिद्ध करतो.

मोठ्या प्रमाणावरचं हे काम काही अंशी थंड आणि जलविद्युत मुबलक असलेल्या मुलखांकडे सरकलं, हे साहजिकच. भूतान सरकारची गुंतवणूक कंपनी हिमालयातल्या जलविद्युतेवर बिटकॉइन काढते. नॉर्वेत एका मायनिंग कंपनीने यंत्रांची गरम हवा लाकडं आणि समुद्री शेवाळ वाळवायला वापरली. सोनाळ्यात मिरच्या वाळवायला ऊन फुकट आहे. आपल्याकडे मोठ्या आकडेमोडीचं घर थंड ठेवायला कधी पाणी थेट चिपपर्यंत नेतात. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात तसंच केलं आहे.

यूएसबी मायनर हाताशी असेल तर मेमध्ये त्याचा खरा उपयोग शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. हीटसिंकला थर्मामीटर चिकटवावा, दुसरा हवेत टांगावा, आणि मायनर व खाच यांच्या मधे व्होल्ट-अँपिअर दाखवणारा छोटा यूएसबी मीटर खोचावा. पंखा चालू ठेवून सकाळी सहाला आणि दुपारी तीनला नोंद घ्यायची. हवा सोळा-सतरा अंशांनी चढलेली असेल, यंत्रही जवळजवळ तितकंच. दोन्ही वेळच्या वजाबाक्या शेजारी मांडल्या तर सारख्या दिसतात. दुपारची किंचित मोठी निघाली, तर मीटरवरचा अँपिअरचा आकडा पाहायचा. तोही सकाळपेक्षा किंचित चढलेला असेल, कारण तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही थोडी वीज गळते.